मदत हवी आहे: अँपच्या पॉवर केबलला कोणती वायर, कोणते कनेक्टर?

नमस्कार मंडळी. अँप्लिफायरसाठी दीड मीटरची पॉवर केबल घरीच बनवतोय. अँपवर ६०० वॅट लिहिलंय, म्हणजे २३० व्होल्टला तीन अँपिअरसुद्धा होत नाहीत. १.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची वायर पुरेल हे कळतं, तरी हात २.५ कडेच जातोय. पण ती सी-१३ कनेक्टरच्या (केबलचं अँपमध्ये बसणारं टोक) मागच्या तोंडातून जेमतेम आत शिरते आणि बाहेरचं आवरण पकडीत नीट बसत नाही. पकड ढिली राहिली तर सगळा ताण स्क्रूंवर येणार, ते मला अजिबात नको.

मागच्या केबलला तारांच्या टोकांना सोल्डर लावून स्क्रू आवळले होते. महिन्याभराने उघडून पाहिलं तर दोन स्क्रू चक्क ढिले! दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं, हे तेव्हा उमगलं. यावेळी फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची छोटी नळी) वापरणार. अर्थची तार थोडी लांब ठेवतोय, म्हणजे ओढ बसलीच तर ती शेवटी सुटेल.

जाड वायर घेणारा सी-१३ कुणी वापरलाय का? शिल्डवाली (आवरणाच्या आत धातूची जाळी असलेली) वायर घेतली तर शिल्ड फक्त प्लगच्या बाजूला अर्थला जोडायचं ना? आणि हम (स्पीकरमधली गुणगुण) घालवण्यासाठी अर्थ काढून टाका, असं कृपया सुचवू नका.