७५ नंतर टॅक्स माफ? – सोसायटी ग्रुप, रविवार दुपार

कुलकर्णी काकू (बी-३०४): (फॉरवर्ड) ७५ वर्षांवरील सर्व ज्येष्ठ नागरिकांना आयकर पूर्ण माफ!! पेन्शन, व्याज, कशावरच कर नाही. सर्व ग्रुपवर पाठवा 🙏

जोशी काका: मला डिसेंबरात ७५ पूर्ण. तेवढी कळ काढतो.

नेहा सीए (ए-१०२): काका, नका काढू. हा मेसेज दर वर्षी फिरतो. २०२१ च्या बजेटमध्ये एवढंच आलं की वय ७५ किंवा जास्त असेल आणि उत्पन्न फक्त पेन्शन व त्याच बँकेतलं व्याज असेल, तर बँकेला डिक्लरेशन द्यायचं. मग बँकच हिशेब करून कर कापते, रिटर्न भरायला लागत नाही. कर सुटला नाही, कटकट सुटली.

कुलकर्णी काकू: माझ्या एफड्या तीन बँकांत आहेत गं

नेहा सीए: मग कटकटही सुटली नाही 😀

रोहित (सी-५०१): तसंही नवीन टॅक्स रेजीममध्ये (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) १२ लाखांपर्यंत जवळपास कुणालाच टॅक्स नाही. पगारदार आणि पेन्शनरांना १२.७५. ज्येष्ठांना अजून वेगळं काय हवंय? शेवटी आमच्यासारख्यांच्या टॅक्समधूनच सरकारी पेन्शनी जातात. आणि वर जुनी पेन्शन द्या म्हणून संप!

शिंदे सर (ए-४०३): रोहित, माझ्या पेन्शनवर मीही टॅक्स भरतो बरं का. आणि संपाचं म्हणशील तर माझी सून त्यात होती. २००९ ची भरती. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन (शेवटच्या पगाराच्या निम्मी, पगारातून काही न कापता) गेली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती आहे, हिला नाही, काम तेच. १४ ते २० मार्च २०२३, सात दिवस ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. पुढच्या वर्षी राज्याने निम्म्या पगाराच्या हमीची योजना आणली. केंद्राची यूपीएस, म्हणजे युनिफाइड पेन्शन स्कीम, एप्रिल २०२५ पासून. तिथे २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मी पेन्शन. पण कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कापले जातातच. फुकट नाही.

रोहित: सर, सरकार त्यात साडेअठरा टक्के घालतं, ते कुठून येतात?

शिंदे सर: तुझा रोख कळला.

पवार काका (सी-१०१): दोघंही भांडा. मी मधे बोलू का? भोसरीत एका कंपनीत १९८० ते २०१२ काढली. ईपीएस-९५ (पीएफवाल्या कर्मचाऱ्यांची १९९५ ची पेन्शन योजना) ची पेन्शन २१०० आणि वर काही चिल्लर. सोसायटीचा मेंटेनन्स २८००. हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले ७०. तेव्हा पगाराला ६५०० ची मर्यादा होती, हातात कितीही येवो. ९५ नंतरची १६ वर्षं धरली की १४८५ होतात, बाकी आधीच्या नोकरीचे. महागाई भत्ता नाही. २०१२ ला पहिल्या महिन्यात जेवढी आली तेवढीच आज येते. २०१४ मध्ये किमान पेन्शन १००० केली, आमच्या लोकांची मागणी ७५०० ची. बुलढाण्यात त्यासाठी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चाललं, टीव्हीवर किती वेळा दिसलं सांगा. १२ लाखांची सूट मला काय करायची? मला १२ हजार मिळाले तर मी पेढे वाटीन.

कुलकर्णी काकू: खरंय हो 🙏

रोहित: काका, एवढी कमी असेल असं वाटलं नव्हतं. पीएफचे मिळाले असतील ना?

पवार काका: मिळाले. मुलीचं लग्न आणि हा फ्लॅट.

देशमुख वहिनी (बी-२०१): रोहित, एक विचारते. तू पीपीएफ भरतोस का रे?

रोहित: भरायचो. नवीन रेजीममध्ये ८०सी, म्हणजे बचतीवरची टॅक्स सूट नाही, मग बंद केलं. एसआयपी आहे... मधे थांबवली होती, गाडीचा हप्ता चालू झाला तेव्हा.

देशमुख वहिनी: आमच्या ह्यांनी मार्चमध्ये धावपळ करत का होईना, टॅक्स वाचवायला म्हणून पंचवीस वर्षं पैसे टाकले. म्हातारपणाचा विचार कुणाच्या डोक्यात होता? सरकारने पेन्शन काढून घेतली, म्हणाले आपापलं साठवा. आता साठवायचं निमित्तही गेलं. मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नाहीत.

शिंदे सर: वहिनी, हे बजेटच्या दिवशी एकाही चॅनेलवर ऐकलं नाही.

नेहा सीए: रोहित, एक वाट आहे. कंपनीने तुझ्या नावे एनपीएसमध्ये (नॅशनल पेन्शन सिस्टीम) भरलेली रक्कम नवीन रेजीममध्येही वजा होते, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. तू स्वतः भरलेली नाही. एचआरला विचार, पगाराची रचना बदलून देतात का.

रोहित: उद्याच विचारतो.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा. टाकी धुणे मंगळवारी ११ ते ४, पाणी भरून ठेवावे.

रोहित: सॉरी सर, शेवटचं. पवार काका, हायर पेन्शनचा (मर्यादा न लावता पूर्ण पगारावर पेन्शन) सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता ना? तुम्ही अर्ज केलात का?

पवार काका: ४ नोव्हेंबर २०२२ चा. पूर्ण पगारावर पेन्शनचा पर्याय न देता १ सप्टेंबर २०१४ च्या आधी रिटायर झालेले त्यात बसत नाहीत. आणि पर्याय असतो हे आम्हाला कंपनीत कुणी सांगितलंच नव्हतं.