१९७८ ची पद्मिनी: वायरिंग अख्खं बदलायचं की जोडकामावर भागवायचं?

डिकीत_स्टेपनी

प्रीमियर पद्मिनी, १९७८, पेट्रोल, डायनमोवाली. डेंटिंग-पेंटिंगसाठी गाडी पार पत्र्यापर्यंत उघडली आहे. सीट, डॅश, छताचं कापड सगळं बाहेर.

बोनेटखालची वायर वाकवली की पीव्हीसी तुकडे होऊन गळतं. डॅशमागे टेपने गुंडाळलेले किमान पंधरा जोड आहेत. हेडलाईट पिवळट, हॉर्न दाबला की आणखी मंद. फ्यूजबॉक्स दहा मिनिटांत हाताला चटका देतो, पण फ्यूज उडत नाही.

१. तयार किट आणू की हाताने बनवू? २. इलेक्ट्रिशियन म्हणतो घरात भरतात ती दीड एमएम वायर सगळीकडे ओढू, चालेल का? ३. ६०/५५ वॉटचे हॅलोजन टाकायचे आहेत. ४. मेनवर ३० चा एक फ्यूज टाकला की बाकीची चिंता नको, हे बरोबर का?

---

कुर्ला_११००

आधी पक्कड खाली ठेवा. जुनं वायरिंग कापून काढू नका, अखंड बाहेर काढा. कितीही सडलेलं असलं तरी तोच तुमचा नकाशा आहे. कुठली फांदी कुठे फुटते आणि किती लांब जाते हे त्याच्याइतकं अचूक दुसरं काही सांगणार नाही.

बॅटरीची दोन्ही टोकं काढा. मग प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना एकच नंबर: मास्किंग टेपचा झेंडा, त्यावर बॉलपेन. मार्करची शाई ग्रीसच्या हाताने पुसते. वहीत नंबरासमोर "हेडलाईट डावा, डिप" एवढं लिहा. रंगावर विसंबू नका. चाळीस वर्षांत पिवळा, पांढरा आणि तपकिरी एकसारखे होतात, आणि मध्ये कोणी लाल वायरीला हिरवा तुकडा जोडलेला असतोच.

सगळं बाहेर आलं की ८ बाय ४ च्या प्लायवर पसरा आणि प्रत्येक वळणाला दोन-दोन खिळे ठोका. प्लायची लांबी पुरत नाही, म्हणून डिकीकडे जाणारी दोरी (वायरींचा जुडगा) यूच्या आकारात परत फिरवा. नवी वायर याच खिळ्यांमधून जाईल. प्रत्येक टोकाला १०० ते १५० मिलिमीटर जास्त ठेवा. कमी पडली की जोड आला, आणि जोड टाळायलाच तर हे सगळं चाललंय.

किटबद्दल: घ्यायचं तर जुन्या दोरीशेजारी ठेवून मोजून घ्या. अल्टरनेटरवाल्या मॉडेलचं किट तुमच्या कटआऊटवर (डायनमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा डबा) बसणार नाही, आणि स्वस्त किटमध्ये सगळीकडे एकाच जाडीची वायर भरलेली असते. गाडी एवढी उघडी असताना मी तरी हातानेच बनवीन.

घरची वायर नको. तांबं तेवढंच असतं, पण वरचं पीव्हीसी ७० अंशांचं आणि तेल-पेट्रोलसाठी न बनवलेलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ ते मऊ होतं, ऑईल लागलं की फुगतं. दुकानात ऑटो केबल म्हणून मागा, रिळावर आयएस २४६५ पाहा. १०५ अंशांची पातळ कवचाची मिळाली तर उत्तमच, जुन्या ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातली रबरी कडी) सहज जाते.

जाडी (चौरस मिमी) आणि अंदाजे लांबी अशी धरा:

०.७५: इंडिकेटर, पार्किंग, मीटर, पेट्रोलची टाकी. ४० मीटर, पाच-सहा रंगांत.
१.५: ब्रेकलाईट, वायपर, इग्निशन कॉईल, हेडलाईटचा प्रत्येक फिलामेंट. २५ मीटर.
२.५: हॉर्न, हेडलाईट रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लाईन, इग्निशन स्विचची मेन लाईन. १२ मीटर.
६: डायनमो ते कटआऊट, तिथून बॅटरी. ५ मीटर.
२५: बॅटरी ते सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि अर्थ (निगेटिव्हची बॉडीशी जोडणी). ३ मीटर.

जाडी का मोजायची? ६० वॉटचे दोन बल्ब अप्परला १० अँपियर ओढतात. दीडची वायर ४ मीटर फिरून आली तर त्या वायरीतच जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, अडीचची असेल तर पाव व्होल्टाच्या जरा वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्यात इग्निशन स्विच, डिपर, फ्यूजच्या सैल पट्ट्या आणि गंजलेला अर्थ मिळवला की बल्बला १२ च्या जागी १०.८ पोहोचतात, आणि व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. तुमचे पिवळट हेडलाईट म्हणजे हेच.

---

अर्थ_पक्का

वरच्या यादीत अर्थ एका शब्दात उरकलाय. नव्या रंगाच्या गाडीत अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. पेंटर प्रायमर आणि रंगाचे चार हात देतो, वर थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आवळलं की दिसायला छान आणि करंट शून्य.

प्रत्येक अर्थच्या जागी रुपयाएवढा गोल पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट, आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी रंग आणि नंतर बोल्ट असं करू नका. पुढे दोन, डॅशमागे एक, डिकीत एक अशा जागा ठेवा आणि मागच्या दिव्यांना स्वतःची अर्थ वायर ओढा. दिव्याची बैठक रबरी गॅस्केटवर असते, ती कधी पत्र्याला टेकते, कधी नाही. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, तो यामुळे.

इंजिन ते बॉडी विणलेली पट्टी नवीन घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ही पट्टी तुटली तर सेल्फचा शेकडो अँपियर करंट चोक नाहीतर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली की कारण शोधत बसू नका.

तपासणी: मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर), लाल इंजिन ब्लॉकवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या आत हवं. हेडलाईट चालू ठेवून दिव्याच्या अर्थ टोकावर हेच करा, तिथे ०.१ च्या वर गेलं तर परत घासा.

टोकांबद्दल: पकडीने चेपू नका. क्रिम्पिंग टूलने थिंबलचे दोन पंख तांब्यावर, मागचे दोन कवचावर बसवा. मग टोक धरून जोरात ओढा. सुटलं तर बरं, आत्ता सुटलं.

---

डिकीत_स्टेपनी

भारी माहिती. वायरमन म्हणतो क्रिम्पिंग सैल होतं, कथील लावून डाग दिला (सोल्डर केलं) की जन्माचं काम. आणि प्रश्न ४ राहिलाच.

---

अर्थ_पक्का

डाग देण्यात वाईट काही नाही, पण कथील वायरीच्या पिळात वर चढतं. जिथे ते संपतं तिथे कडक आणि मऊ यांची सीमा तयार होते, आणि गाडीच्या थरथरीने तांबं नेमकं तिथे तुटतं. कवच शाबूत, आत वायर तुटलेली. असा फॉल्ट शोधायला दिवस जातो. डाग द्यायचाच तर राळेचा फ्लक्स वापरा, तेजाबी नको, आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवून दोन्ही बाजूंना आधार द्या. चांगल्या टूलने केलेल्या क्रिम्पिंगवर डाग देण्याची गरज नाही.

---

फ्यूज_उडाला

प्रश्न ४: नाही. फ्यूज बल्बला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. ३० चा फ्यूज मागे आणि पुढे ०.७५ ची वायर, ती पत्र्याला घासली तर? फ्यूज शांत, वायर लाल, आणि तिच्यासोबत पूर्ण दोरी. ०.७५ ला ७.५ चा, १.५ ला १५ चा, २.५ ला २० चा. यापेक्षा मोठा टाकावासा वाटला तर वायर बदला.

मेन फ्यूजही ठेवा, पण बॅटरीजवळ आणि या सगळ्यांच्या जोडीला. जुन्या गाड्यांत इग्निशन आणि चार्जिंगची लाईन बहुधा फ्यूजशिवायच असते, म्हणजे सर्वांत जाड करंटची वायर सर्वांत उघडी.

फ्यूजबॉक्स तापतो त्याचं कारण: चिनी मातीच्या टॉर्पेडो फ्यूजची टोकं स्प्रिंगच्या दोन पट्ट्यांत धरलेली असतात. पट्टी ढिली झाली, टोकावर पांढरं ऑक्साइड चढलं की तिथे रोध वाढतो. करंट तेवढाच असल्याने फ्यूज उडत नाही, पण पट्टी भाजते. भाजून आणखी ढिली होते. मूळ रूप हवं असेल तर पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून आत वाकवा आणि नवे फ्यूज घ्या (पांढरा ८, लाल १६). नाहीतर डॅशखाली न दिसेल असा ब्लेड फ्यूजचा बॉक्स लावा आणि जुना दाखवायला ठेवा. शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

हॅलोजन लावण्याआधी दोन रिले, डिपचा एक आणि अप्परचा एक. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून २.५ ची लाईन, ८७ वरून दिवे, ८६ ला डिपर स्विचची जुनी वायर, ८५ अर्थ. ८७ नंतर डाव्या-उजव्याला वेगळे १० चे फ्यूज द्या, म्हणजे घाटात एक उडाला तरी दुसरा दिवा जळत राहील. डिपर स्विचमधून आता दोन-चारशे मिलिअँपियर जातील, तो आयुष्यभर टिकेल.

पण डायनमोचा हिशोबही बघा. या वर्गातले डायनमो पूर्ण वेगात २२ अँपियरच्या आसपास देतात, आयडलला जवळपास शून्य. डिपवर ५५ चे दोन म्हणजे ९, पार्किंग-टेल-नंबरप्लेट मिळून २, कॉईल ४, वायपर ३. झाले १८, त्यात ब्रेक दाबला की साडेतीन. पावसात रात्री सिग्नलला थांबत थांबत गेलात तर सगळं बॅटरीच्या जिवावर. तेव्हा एकतर जुन्याच वॉटचे बल्ब रिलेवर चालवा, फरक डोळ्यांना दिसेल, किंवा अल्टरनेटर लावा. अल्टरनेटर लावलात तर जुना कटआऊट सर्किटमधून पूर्ण बाहेर काढा आणि चार्जिंगच्या इशारादिव्यात साधा बल्बच ठेवा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. एलईडी टाकला की चार्जिंग सुरूच होत नाही आणि लोक अल्टरनेटर दुकानात परत नेतात.

---

डिकीत_स्टेपनी

जुन्याच वॉटवर रिले लावतो. दोरी तयार झाली की बॅटरी जोडताना धूर निघू नये म्हणून काही?

---

फ्यूज_उडाला

सिरीज दिवा. बॅटरीचा पॉझिटिव्ह थेट न जोडता मध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घाला. सगळे स्विच बंद. बल्ब पेटला नाही तर जोडा. पेटला तर शॉर्ट आहे, पण पावणेदोन अँपियरच्या वर करंट जाणार नाही, काही जळणार नाही. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याला बल्ब विझेल ती लाईन.

---

कुर्ला_११००

एक दुरुस्ती. बल्ब विझलेला म्हणजे सगळं ठीक असं नाही. दार उघडं राहून आतला ५ वॉटचा दिवा चालू असेल तर तो लख्ख जळतो आणि तुमचा २१ चा काळाच राहतो, कारण थंड फिलामेंटचा रोध एखादा ओहम असतो. त्यामुळे बल्बनंतर मल्टीमीटर मिलिअँपियरवर लावून बघा. घड्याळ, कॅसेट टेप नसलेल्या डायनमोवाल्या पद्मिनीत आकडा शून्यच हवा. पाच-दहा दिसले तर बहुतेक कुठेतरी ओल आहे किंवा कटआऊटमधून गळती.

दोरी गुंडाळायला चिकट इन्शुलेशन टेप वापरू नका, मे महिन्यात तिचा गोंद वितळून खाली ओघळतो. बिनगोंदाची पीव्हीसी टेप अर्धी-अर्धी चढवत न्या, फक्त टोकांना चिकट. पत्र्याच्या प्रत्येक भोकात नवा ग्रोमेट. टाकीच्या मीटरची वायर जोडताना बॅटरी सुटलेलीच असू दे.

डायनमो उघडून दुरुस्त केला असेल, किंवा बॅटरी चुकून उलटी जोडली गेली असेल, तर इंजिन सुरू करण्याआधी डायनमोची ध्रुवता (कुठलं टोक पॉझिटिव्ह, कुठलं निगेटिव्ह) बसवावी लागते. लुकासच्या धर्तीचा असेल, म्हणजे फील्डचं (आतल्या चुंबकाच्या गुंडाळीचं) एक टोक आतच बॉडीला असेल, तर एफ म्हणजे फील्ड टोकाची वायर डायनमोवरून काढा आणि बॅटरी पॉझिटिव्हची तार त्या एफ टोकाला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल. एफची वायर परत लावा. हे न करता सुरू केलं आणि ध्रुवता उलटी निघाली तर कटआऊटचे पॉईंट चिकटतात.

---

डिकीत_स्टेपनी

प्लाय आणला. नंबर ४७ पर्यंत पोहोचलोय, त्यातल्या सहा वायरींचं दुसरं टोक कुठेच जात नाही.

---

अर्थ_पक्का

त्या जुन्या मालकांनी लावलेल्या फॉगलाईटच्या आणि सायरनच्या. वहीत लिहा आणि सोडून द्या.