वेस्टमिन्स्टर स्टेशन: वास्तुकला की अर्धवट सोडलेली साइट?

बोरूबहाद्दर:
लंडनच्या वेस्टमिन्स्टर भुयारी स्टेशनचं आर्किटेक्ट मंडळी इतकं कौतुक करतात की विचारायची सोय नाही. माझं मत, ओव्हररेटेड. ज्युबिली या मेट्रो लाइनच्या वाढीव भागासाठी डिसेंबर 1999 मधे उघडलं, मायकल हॉपकिन्सच्या ऑफिसचं डिझाइन, आणि आत काय तर टाइल नाही, प्लास्टर नाही, करडं काँक्रीट, आडवेतिडवे टेके आणि त्यातून उलटसुलट जाणारे सरकते जिने. वर पार्लमेंटचं ते नक्षीकाम बघून खाली उतरावं तर वाटतं सेंटरिंग काढून ठेकेदार पळून गेलाय. त्यापेक्षा पिकॅडिली सर्कस बघा, 1928 चं चार्ल्स होल्डनचं काम, गोलसर तिकीट हॉल, ट्रॅव्हर्टाइन दगड, ब्राँझच्या चौकटी, तिथे प्रवाशाचा मान ठेवलाय. पटत नसेल तर बोला, फक्त 'तुम्हाला ब्रुटलिझम (उघड्या काँक्रीटची शैली) कळत नाही' हे सोडून.

खोदकाम:
सेंटरिंगचा विषय काढलात म्हणून लिहितो, नाहीतर वाचून सोडून दिलं असतं. आधी जागा बघा हो. शेजारी बिग बेनचा 96 मीटरचा मनोरा, डोक्यावर 1868 पासूनची डिस्ट्रिक्ट लाइन जी बंद ठेवायची नाही, आणि त्याच्यावर खासदारांच्या ऑफिसांची इमारत उभी राहणार, पोर्टकलिस हाऊस. ज्युबिलीचे दोन बोगदे शेजारीशेजारी नेले असते तर एक मनोऱ्याच्या अजून जवळ गेला असता, म्हणून प्लॅटफॉर्म एकावर एक घेतले आणि खड्डा गेला 39 मीटर खोल! आधी जमिनीत भिंती ओतल्या, मग वरून खाली खणत गेले, आणि ते आडवेतिडवे टेके म्हणताय ना, त्यांनीच भिंती आतून रेटून धरल्यात, शोभेला नाही लावलेले. मनोऱ्याखालच्या चिकणमातीत आडव्या नळ्या घालून ठेवल्या होत्या, मनोरा जरा कलतोय असं मोजमापात दिसलं की त्या बाजूला दाबाने ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा) भरायचं, परत मोजायचं, परत भरायचं. असं करत करत कल 35 मिलीमीटरच्या आसपास राखला. एवढं सगळं करून वरून टाइल चिकटवायच्या म्हणजे काय राव.

तिसरी घंटा:
खोदकाम, इंजिनियरिंगला दंडवत, पण मुद्दा निसटतोय. टेके हवेत हे मान्य, ते उघडेच ठेवायला हवेत हे कुठे सिद्ध झालं? त्याच लाइनवर त्याच वर्षी झालेलं सदर्क स्टेशन बघा, आर्किटेक्ट मॅकॉर्मॅकचं, निळ्या काचेची वळलेली भिंत आणि तिच्यावर वरून येणारा खराखुरा उजेड. कॅनरी वॉर्फ नॉर्मन फॉस्टरचं, तेही काँक्रीटच, पण काचेच्या छतातून एस्कलेटरवर ऊन येतं. या वाढीव लाइनचा मुख्य आर्किटेक्ट रोलँड पाओलेत्तीने मुद्दाम वेगवेगळ्या स्टेशनांना वेगवेगळे आर्किटेक्ट नेमले होते, म्हणजे मोकळीक सगळ्यांनाच होती. हॉपकिन्सने ती करडेपणात घालवली.

खोदकाम:
कॅनरी वॉर्फ जुन्या गोदीतलं पाणी उपसून तिथे बांधलंय, वर आकाश मोकळं. इथे वर आख्खं पोर्टकलिस हाऊस. ऊन काय खासदारांच्या टेबलाला भोक पाडून आणायचं?

पाऊलवाट:
मला वेस्टमिन्स्टर आवडतं, कारण वेगळंच. जुन्या स्टेशनांत बोळ, वळण, जिना, परत बोळ, आपण नक्की कुठे आहोत याचा पत्ता नसतो. इथे एस्कलेटरवर उभं राहिलं की वरचे खालचे सगळे जिने एका नजरेत दिसतात, कुठून आलो, कुठे चाललोय ते कळतं. पिकॅडिलीचा थाट तिकीट हॉलपुरता, खाली प्लॅटफॉर्मवर गेलात की तेच अरुंद नळकांडं. आणि प्रवाशाच्या मानाचं म्हणाल तर व्हीलचेअरवाला माणूस वेस्टमिन्स्टरला लिफ्टने थेट ज्युबिलीच्या गाडीपर्यंत जातो. पिकॅडिलीत ती सोयच नाही, त्या बिचाऱ्याला तुमचा ट्रॅव्हर्टाइन बघायलाही मिळत नाही.

बोरूबहाद्दर:
हा मुद्दा जोरदार आहे, पण लिफ्ट काही उघड्या काँक्रीटमुळे आलेली नाही, स्टेशन 1999 चं आहे म्हणून आली. होल्डनच्या काळात कोण विचारत होतं व्हीलचेअरवाल्याला? आणि एका नजरेत दिसण्याचं म्हणाल तर ते पोकळीमुळे दिसतं, करड्या रंगामुळे नाही. भिंतीला संगमरवर लावला असता तरी जिने तेवढेच दिसले असते आणि लिफ्टही चाललीच असती.

खोदकाम:
संगमरवराचं बिल कोण भरणार ते पण सांगा. ही लाइन आधीच अंदाजाच्या कितीतरी वर गेली होती, साधारण साडेतीन अब्ज पौंड.