आईचा मेटल व्हॉल्व्ह आणि आयएनआर १.६ आलाय, गुठळीची भीती वाटतेय

सातारकर_लेक: आईला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूची एक झडप) खराब झाला आणि गेल्या वर्षी मेटलचा बसवला. एसिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, कमी म्हणजे रक्त लवकर गोठतं) बरेच महिने ३ च्या आसपास होता, काल एकदम १.६ आला. श्रावण आहे, अळू, टाकळा, शेपू रोजच्या जेवणात आहे, त्याने होतं का? शेजारच्या काकू म्हणतात पालेभाजी कायमची बंद करा. शिवाय दाढ काढायचीय तर गोळी आठवडाभर बंद ठेवा असंही कोणीतरी सांगितलंय. त्रास काही नाही तिला, पण मला झोप नाही.

मिरजेचा_दादा: ताई, आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना आजच्या आज फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मायट्रलला साधारण २.५ ते ३.५ ठेवायला सांगतात, त्या जागी रक्ताचा वेग कमी असल्याने हृदयाच्या दुसऱ्या, ॲओर्टिक व्हॉल्व्हपेक्षा गुठळीचा धोका जास्त. १.६ ला डॉक्टर डोस वाढवतात, कधी आयएनआर वर येईपर्यंत पोटावर हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं देतात. तुम्ही स्वतःहून दोन गोळ्या देऊ नका, उद्या आयएनआर ६ झाला तर रक्तस्राव.

व्हॉल्व्हवाली: माझा व्हॉल्व्ह टीटीके चित्रा आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला, १९९० पासून बसवतात. भाजीबद्दल सांगते कारण यात लोक फार गोंधळ घालतात. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीचा परिणाम कमी करतं, म्हणून अचानक रोज अळूची पातळ भाजी आणि अळूवड्या सुरू केल्या की आयएनआर पडतो आणि भाजी एकदम बंद केली की चढतो. त्यामुळे बंद नाही करायची, बाराही महिने साधारण तेवढीच ठेवायची. पण सगळं खापर अळूवर फोडू नका, एखादी गोळी राहिलीय का, दुसरं नवीन औषध सुरू झालंय का तेही बघा. मी गोळी रोज रात्री एकाच वेळी घेते आणि कॅलेंडरवर लगेच टिक करते, तब्येत कशीही असो. आणि तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

डॉ_गावाकडचा: दाढेसाठी गोळी स्वतःहून बंद करू नका, हे हात जोडून सांगतो. साधी दाढ असेल तर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून, आयएनआर बघून काढता येते, फक्त दातांच्या डॉक्टरला व्हॉल्व्हचं आधी सांगा, कारण व्हॉल्व्हला इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिकही आधी द्यावं लागतं. बाकी अँटिबायोटिक आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, मेट्रोनिडाझोलने आयएनआर चढतो, रिफाम्पिसिनने पडतो.

आता गुठळी झाली तर कळणार कसं. झोपल्यावर दम लागणं, थोडं चाललं तरी धाप, पायाला सूज, व्हॉल्व्हचा नेहमीचा टिकटिक आवाज बारीक होणं किंवा थांबणं. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं म्हणजे गुठळीचा तुकडा मेंदूत गेलेला असू शकतो. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) असलेलं हॉस्पिटल गाठा. तिथे इको आणि फ्लुरोस्कोपीवर (हलत्या एक्स-रेवर) व्हॉल्व्हची पानं नीट उघडतात का बघतात, मग गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देतात नाहीतर पुन्हा ऑपरेशन.

सातारकर_लेक: खूप आभार, फोन केला, उद्या बोलावलंय. एक विचारू, आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या आहेत म्हणे, त्या का देत नाहीत?

डॉ_गावाकडचा: मेटल व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगाट्रान या गोळीची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली, २०१३ ला निष्कर्ष आले. अपिक्साबानची सुद्धा २०२२ मध्ये थांबवली. कोणी बदलून दिली तर घेऊ नका, आधी हार्टच्या डॉक्टरला विचारा.

व्हॉल्व्हवाली: उद्या जाताना आयएनआरचे जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि डोस बदलला की नवीन आकडा कागदावर लिहून घ्या, एसिट्रॉम १, २, ३, ४ एमजी अशा वेगवेगळ्या येतात आणि मेडिकलवाल्याकडून अदलाबदल होते.