‘खाडीवरचं घर’ ग्रुप : यंदा मोटरबोट घ्यायची का?

बाळदादा (पुणे): सगळ्यांना नमस्कार. बरेच दिवस मनात आहे ते आज लिहितो. घराच्या मागे एवढी दाभोळची खाडी, आणि आपण मे महिन्यात जाऊन ती फक्त पडवीतून बघतो. सगळ्यांनी मिळून एक छोटी मोटरबोट घेऊया. फायबरची, सोळा फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन. एक जुनी बोट विकायला आहे, इंजिन चाळीस हॉर्सपॉवरचं. फोटो टाकलेत. मालकाला आठवड्यात कळवायचं आहे. काय वाटतं?

ताईआत्या (ठाणे): मला फार आनंद झाला वाचून. लहानपणी आम्ही तरीतून पलीकडे धोपाव्याला जायचो. भावांना वल्हं मिळायचं, आम्हा बहिणींना मधे बसवायचे. या वयात का होईना, मला सुकाणू धरायचं आहे. माझा वाटा धरा.

वहिनी (पुणे): मलाही हवी आहे बोट. पण १८ डिसेंबर २०२४ ची बातमी डोक्यातून जात नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेली नीलकमल, तिला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. रोजची प्रवासी बोट होती ती, आणि किती जणांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं. आपल्याकडे दोन लहान मुलं आहेत. मला आधी सुरक्षिततेचं सगळं नीट कळू दे, मग पैशांचं बोलू.

छोटी (पणजी): वहिनी, अगदी बरोबर. मी रात्री सविस्तर लिहिते. दादा, तोवर त्या माणसाला होकार देऊ नकोस.

आबा (गाव): बाळ, माझा बोटीला विरोध नाही. घाईला आहे.

इंजिन चालवायला दोन दिवसांत येतं. पाणी शिकायला एक हंगाम जातो. मी इथे जन्म काढला म्हणून सांगतो. भरतीला ही खाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली दिसते, कुठूनही कुठेही जावं असं वाटतं. ओहोटीला येऊन बघ. निम्म्या ठिकाणी चिखल उघडा पडतो आणि बोट जाईल एवढं पाणी एका पट्ट्यातच राहतं. तो पट्टा डोळ्यांत बसल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. भरतीला नाही, ओहोटीला काठावर बसून खाडी बघायची. नवख्याने पहिलं काम हे करावं.

आबा (गाव): आता वेळेचा हिशेब. मुलांना पाठ करायला लावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं. कोकणात हा हिशेब पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. छापील तक्ता आणि मोबाइल जरूर बघा, पण हा आकडा डोक्यात असला की कॅलेंडर बघूनच कळतं की सकाळी पाणी चढतं असेल की उतरतं.

ताईआत्या (ठाणे): अण्णा हाच हिशेब करून आम्हाला बाजाराच्या दिवशी निघायची वेळ सांगायचे.

बाळदादा (पुणे): आबा, हे मला माहीतच नव्हतं. पण पाणी चढतं की उतरतं यानं बोटीला एवढा काय फरक पडतो? इंजिन आहेच की.

आबा (गाव): पडतो. चढत्या पाण्यात बोट गाळात बसली तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. ओहोटी नुकती लागली असताना बसली, तर पाणी पूर्ण उतरून परत तेवढं चढेपर्यंत तिथेच. दहा-बारा तास. उन्हात, दोन मुलं घेऊन. म्हणून शिकताना नेहमी चढत्या पाण्यात निघायचं.

आणि पाणी सगळे तास सारखं चालत नाही. पहिल्या तासाला थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जोरात, शेवटी पुन्हा सावकाश. त्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी हलतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला त्याचा जोर विचारू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी.

छोटी (पणजी): पुस्तकात हेच बारा भागांनी शिकवतात. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा भागांनी चढतं. आबांनी ते काठावरून बघून सांगितलं.

आता माझं. इथे दोना पावलाला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाखालची. वॉटरस्पोर्ट्सच्या बोटी चालवणारे तिथे शिकतात. पॉवरबोट हाताळणी आणि जीवरक्षणाचे कोर्स असतात. मी केला आहे. दादा, तू आणि वहिनी दोघांनीही करावा असं मला मनापासून वाटतं. दोघांनीही. एकच माणूस शिकलेला असेल आणि तोच पाण्यात पडला, तर बोट वळवून त्याला उचलणार कोण?

वहिनी (पुणे): हा मुद्दा फार मोलाचा आहे, छोटी. मी करणार.

छोटी (पणजी): इंजिनाला एक लाल दोरी असते, किल स्विचची. एक टोक इंजिनाच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला. चालवणारा फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन त्या क्षणी बंद पडतं. ती लावली नाही तर रिकामी बोट वेगात गोल फिरत राहते आणि पाण्यातल्या माणसावरच परत येते, खाली पंखा फिरत असतो. ही दोरी लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

माणूस पाण्यात असेल तर जवळ गेल्यावर इंजिन बंद. न्यूट्रल पुरेसं नाही.

बोटीला ब्रेक नसतो. आणि ती गाडीसारखी पुढून वळत नाही, मागचा भाग बाहेर फेकला जातो. धक्क्यापासून निघताना तोंड वळवलं की ढुंगण धक्क्यावर आपटतं. धक्क्याला लागताना प्रवाहाच्या उलट दिशेने यायचं, पाणीच वेग मारतं. कोर्समध्ये आमचा अर्धा वेळ यातच गेला आणि तो तसाच जायला हवा. वेगात सरळ जाणं कुणालाही जमतं.

भाऊकाका (सातारा): आत्ताच सगळं वाचलं. जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, तेव्हा इंजिनाबद्दल बोलतो.

बाळ, फोटोत मागची फळी पाहिली, जिच्यावर इंजिन बसतं ती. बोल्टांभोवती तडे दिसतात. फायबरच्या आत लाकूड असतं, तड्यातून पाणी गेलं की ते आतून कुजतं आणि वरून कळत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघ, टणक आवाज यायला हवा. बद आवाज आला तर ती बोट सोड. शिवाय चाळीस हॉर्सपॉवर त्या बोटीला झेपतं का, ते बांधणाऱ्याने किती ठरवलंय ते विचार. आपल्याला शिकायला पंचवीस भरपूर. कोळ्यांच्या कितीतरी होड्या त्याहून लहान इंजिनावर रोज जातात.

भाऊकाका (सातारा): इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडते. इंजिन थंड करणारं पाणी फिरतंय याची ती खूण. धार थांबली की इंजिन बंद, आधी कारण शोधायचं. बहुतेक वेळा चिखल किंवा प्लास्टिक अडकलेलं असतं, नाहीतर आतला रबरी पंखा गेलेला असतो. तो वर्ष-दोन वर्षांनी बदलावाच.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचं. कंटाळा केला तर आत मीठ साचतं आणि चांगलं इंजिन दोन हंगामांत संपतं. खाली जस्ताचा तुकडा लावलेला असतो, तो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. निम्मा झिजला की नवा.

पेट्रोल: पंचवीसचं फोर-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला आठ ते दहा लिटर पितं. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक. त्या शिल्लकीला हात लावायचा नाही. उलट्या वाऱ्यात आणि उलट्या पाण्यात परतीचा हिशेब पार बदलतो.

बाळदादा (पुणे): काका, फळीचं माझ्या लक्षातच आलं नसतं. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

आबा (गाव): छान केलंस.

वहिनी (पुणे): कागदपत्रांचं काय? घराची वस्तू म्हणून अशीच पाण्यात घालता येते का?

छोटी (पणजी): नाही. अंतर्देशीय नौका कायदा २०२१ मध्ये आला, १९१७ चा जुना रद्द झाला. इंजिन लावलेल्या नौकेची नोंदणी, तपासणी आणि विमा आलाच, चालवणाऱ्याचं पात्रता प्रमाणपत्रही. महाराष्ट्रात हे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. आबा, तुम्ही बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन आपल्यासारख्या खासगी, लहान बोटीला नेमकं काय लागतं ते लेखी यादी करून आणाल का? बोट ठरवण्याआधी. नोंदणी न होणारी बोट घेऊन उपयोग नाही.

आबा (गाव): सोमवारी जातो.

आणखी एक सांगायचं आहे, आणि ते मला सगळ्यात जवळचं आहे. खाडी आपली एकट्याची नाही. आपल्याला ती हौस आहे, वाडीतल्या लोकांचं ते पोट आहे. खाडीत बोकशी, म्हणजे पिशवीसारखी जाळी, लावलेल्या असतात, खुंट ठोकलेले असतात, जाळ्यांचे तरंगते बोये असतात. त्यावरून वेगात गेलं की जाळं पंख्यात गुंडाळतं. आपलं इंजिन बंद पडतं आणि त्या घराचं जाळं फाटतं. अंधारात तर ते दिसतच नाही, म्हणून सूर्यास्तानंतर बोट पाण्यात नको. होडीजवळून जाताना वेग अगदी कमी करा. आपल्या लाटेने त्यांची होडी हलते, उभा राहून जाळं ओढणारा माणूस पडू शकतो. फेरीबोट येत-जात असते, बार्जही असतात. त्यांना वळायला जागा लागते, आपण बाजूला व्हायचं.

पहिला हंगाम बोट विकत न घेता, खालच्या वाडीतल्या तांडेलाबरोबर त्याच्या होडीतून फिरा. त्याला दिवसाचे पैसे द्या आणि विचारा: खडक कुठे, गाळ कुठे, वारा कधी उठतो. त्याला जे ठाऊक आहे ते नकाशात नाही.

ताईआत्या (ठाणे): हे मला पटलं. पैसेही गावात राहतील.

बाळदादा (पुणे): आबा, समुद्रापर्यंत जाता येईल का? अंजनवेलचा किल्ला पाण्यातून बघायचा आहे मुलांना.

आबा (गाव): पहिल्या वर्षी नाही. खाडीच्या तोंडाशी उतरतं पाणी आणि समोरून येणारी लाट एकमेकांवर आदळतात, तिथे लहान बोट उभी राहते. किल्ला दाखवायला मी धोपाव्याहून गाडीने नेतो. पाण्यातून बघायचा तर तांडेलाबरोबर, सकाळी, त्याने हो म्हटलं तरच.

सकाळी म्हणतो ते वाऱ्यामुळे. हिवाळ्यात पहाटे मतलई वारं जमिनीकडून येतं, पाणी गुळगुळीत असतं. दुपारकडे खारं वारं सुटतं आणि खाडीत लाटांवर पांढऱ्या टोपऱ्या उठतात. अकराच्या आत घरी.

वहिनी (पुणे): मुलांना पोहायला उतरू द्यायचं का मधे?

आबा (गाव): या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, चिपळूणच्या बाजूला तर लोक त्या बघायला बोटीतून जातात. मुलांनी बोटीतून हातसुद्धा पाण्यात सोडायचा नाही.

भाऊकाका (सातारा): अगदी पहिला अनुभव हवा असेल तर इकडे या. तापोळा-बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, मोटरबोटी भाड्याने मिळतात, चालवणाऱ्यासकट. भरती-ओहोटी नाही, खारं पाणी नाही. मुलांना तासभर बसवून बघा, कुणाला मळमळतं, कुणाला भीती वाटते ते कळेल. ज्याला भीती वाटते त्याला ओढू नका. घरातल्या एकाला बळजबरीने नेलं की पुढे सगळ्यांचीच हौस सुटते.

छोटी (पणजी): जॅकेटबद्दल राहिलं. बोटीत ठेवायचं नाही, घालायचं, धक्क्यावर चढण्याआधी. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, पाण्यात पडल्यावर ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यायचं, पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. घालून खांद्याला धरून वर उचलून बघायचं. कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे.

बोटीत नांगर हवाच, आणि दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट. इंजिन बंद पडलं तर नांगर टाकला की बोट वाहत जात नाही, मग निवांत फोन करता येतो. दोन वल्ही. पाणी उपसायला डबा. शिट्टी. मोबाइल वॉटरप्रूफ पाउचमध्ये. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि ११२. तिन्ही नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आजच टाका. निघताना घरी राहणाऱ्याला सांगायचं: कुठे जातोय, कोण कोण, किती वाजता परत.

आबा (गाव): घरी राहणारा मी. वेळ टळून अर्धा तास झाला की मी तांडेलाला पाठवणार.

बाळदादा (पुणे): मग असं ठरवूया का? या वर्षी बोट नाही. मी आणि वहिनी गोव्याला कोर्स करतो. दिवाळीत सगळे गावी, तांडेलाबरोबर फिरायचं. मे अखेरपर्यंत जमेल तसं येत राहायचं. पावसात तर कोळीसुद्धा होड्या वर ओढून शाकारतात, तेव्हा आपण नुसतं वाचायचं. नारळी पौर्णिमेनंतर बोटीचा विषय पुन्हा काढू, पंचवीस हॉर्सपॉवर धरून.

आबा (गाव): हे बरोबर आहे. भाऊबीजेला द्वितीया. दीडला भरती, म्हणजे पावणेआठला पूर्ण ओहोटी. आठला निघायचं, पट्टा उघडा दिसेल. अमावास्या जवळ आहे, साडेनवानंतर पाणी जोर धरेल, तोवर परत यायचं. पहिल्या दिवशी दीड तास बास. ताई, सुकाणू तुझ्याकडे, तांडेल शेजारी बसेल. त्याच्याशी बोललोय.

ताईआत्या (ठाणे): आबा 🙏 मी आदल्या दिवशीच पोचते.

वहिनी (पुणे): छोटी, जॅकेटसाठी वजनं लिहून घे. मोठी ३१ किलो, धाकटा १९. आत्या, तुमचंही टाका. आबा, तुम्ही घरी थांबणार असलात तरी तुमचंही एक घेतेय, पुढच्या फेरीला तुम्ही हवेच आहात.