खिशात रेकॉर्डर लपवून टिपलेले शो: सगळ्यांसाठी खुले व्हावेत का?

शिकागोकर (धागाकर्ता)

गेले काही महिने लोकलने कामावर जाताना मी एकाच माणसाच्या टेपा ऐकतो आहे. आडम जेकब्स, आमच्या शिकागोचेच. १९८४ साली आजीकडून मागून घेतलेला छोटा रेकॉर्डर घेऊन ते बँडच्या शोला जाऊ लागले आणि पुढच्या चार दशकांत त्यांच्याकडे दहा हजारांहून जास्त शो जमा झाले. रिप्लेसमेंट्स आहेत, सॉनिक यूथ आहेत, आणि ज्यांचं नाव आज या शहरातही कुणाला सांगता येणार नाही असे कितीतरी बँड आहेत. इंटरनेट अर्काइव्ह या खुल्या डिजिटल ग्रंथालयाचे स्वयंसेवक आता या कॅसेटी डिजिटल करून कुणालाही ऐकता येतील अशा ठेवताहेत.

त्यात ८ जुलै १९८९ ची एक टेप आहे. ड्रीमर्झ नावाचा लहानसा क्लब आणि मंचावर निर्वाना हा रॉक बँड. पहिला अल्बम येऊन महिनासुद्धा झालेला नाही, जग ज्याला डोक्यावर घेणार तो अल्बम यायला अजून दोन वर्षं आहेत. त्या रात्री हे तिघं-चौघं पुढे कोण होणार आहेत हे खोलीतल्या कुणालाच माहीत नाही. हे मला कुठल्याही कंपनीच्या रेकॉर्डवर ऐकायला मिळालं नसतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. पंक, म्हणजे ते वेगवान, रांगडं रॉक, स्टुडिओत जन्मलेलं संगीत नाही, आणि लोकगीतही तिथे जन्मलेलं नाही. दोन्ही समोरच्या माणसांकडे बघून गायली जातात. शब्द चुकतात, तार तुटते, मागून कुणीतरी ओरडतं, गाणारा त्याला उत्तर देतो. ते ज्याने टिपलं त्याने ठेवा जपला, आणि ठेवा कपाटात कुजू देण्यापेक्षा लोकांपुढे यावा.

उंबरठा

सहमत नाही.

मी लोकसंगीत गाणाऱ्या गटात आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. तीन वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत आमचा कार्यक्रम होता. आदल्या रात्रभर प्रवास, घसा बसलेला. तरी माणसं जमली होती म्हणून उभी राहिले. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. समोरच्या बायांनी ते कडवं उचललं आणि गाणं पार नेलं. माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर क्षणांपैकी तो एक आहे.

कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं, फक्त आवाज फाटतो तेवढा तुकडा. बायांनी गाणं उचललं ते त्यात नाहीच. पुढे एका आयोजकाने मानधन ठरवताना मला तोच तुकडा ऐकवला.

शिकागोकर, तुम्ही म्हणता समोरच्या माणसांकडे बघून गायलं जातं. तेच तर! मी त्या माणसांसाठी गायले. घरी बसून कानात यंत्र घालून ऐकणाऱ्यासाठी नाही. त्या रात्री आमच्यात जो विश्वास होता, त्यावर तिसऱ्या माणसाचा हक्क कुठून आला?

पानटपरी

उंबरठाताईंना पूर्ण पाठिंबा. रसिकाचं प्रेम हा परवाना नव्हे.

कलम३९

कायद्याचं थोडक्यात, कारण दोन गोष्टींची गल्लत होते आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ ने सादरकर्त्याला स्वतःचा हक्क दिला आहे आणि त्याची मुदत ५० वर्षं आहे. कलम ३९ मध्ये अपवाद आहेत: स्वतः ऐकण्यासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण हा त्या हक्काचा भंग धरत नाहीत. म्हणजे टिपणं एक आणि लोकांत वाटणं दुसरं. अमेरिकेतही १९९४ पासून परवानगीवाचून केलेल्या शोच्या मुद्रणांविरुद्ध वेगळा कायदा आहे. कार्यक्रमाच्या तिकिटावर किंवा दारावर मनाई लिहिली असेल तर तो आणखी वेगळा मुद्दा.

शिकागोकर

उंबरठा, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं, आणि तो तुकडा टाकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण तुमच्याच उदाहरणात बघा. अन्याय कुठे झाला? कापण्यात. पूर्ण गाणं असतं तर त्या आयोजकाला बाया ऐकू आल्या असत्या. जेकब्स यांच्यासारखी माणसं शो कापत नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवतात. आणि कलाकाराने सांगितलं तर मुद्रण काढून टाकायची त्यांची तयारी आहे.

आता लोकसंगीताचंच उदाहरण देतो. वुडी गथ्री, अमेरिकन लोकगीतांचा मोठा माणूस. त्याच्या स्टुडिओतल्या रेकॉर्ड पुष्कळ. पण श्रोत्यांपुढे तो कसा होता? १९४९ साली न्यूजर्सीतल्या न्यूअर्कमध्ये त्याचा छोटा कार्यक्रम झाला आणि पॉल ब्रेव्हरमन नावाच्या विद्यार्थ्याने तो टिपला. टेपवरही नाही, वायर रेकॉर्डरवर: केसासारखी बारीक पोलादी तार, तिच्यावर आवाज. ती रिळं पन्नासहून अधिक वर्षं तशीच पडून होती. २००१ च्या सुमाराला ती गथ्रींच्या संग्रहाकडे आली. तार गुंतलेली, वेग कमीजास्त झालेला, सूर हलणारा. खूप खटपट करून तो सूर जागेवर आणला. २००७ मध्ये ते प्रकाशित झालं आणि ऐतिहासिक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

त्यात वुडी बोलतो, रेंगाळतो, गोष्टीतून गोष्ट काढतो, पत्नी मार्जोरी त्याला प्रश्न विचारून परत गाण्यावर आणते. पुढे हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराने त्याचं बोलणं-चालणं हिरावलं आणि १९६७ ला तो गेला. तो विद्यार्थी त्या दिवशी घरी बसला असता तर?

अनवट

तर ते गेलं असतं. मी कठोर बोलतोय असं वाटेल, पण जाऊ द्यायला शिकलं पाहिजे.

अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. तरी त्यांचं जयपूर घराणं आहे ना? शिष्यांच्या गळ्यातून आलं. गाणं असंच वाहतं. कुणीतरी पडद्यामागे यंत्र ठेवून ते चोरलं असतं तर आज आपण खूश झालो असतो, हे मी मान्य करतो. पण आपण खूश झालो म्हणून ते बरोबर ठरत नाही.

शिकागोकर

अनवट, घराण्याला शिष्य असतात. सहा शो करून फुटलेल्या पंक बँडला कोण शिष्य? त्यांच्यापाशी ना रेकॉर्ड कंपनी, ना पुढची पिढी. एखाद्याच्या खिशातली कॅसेट हीच त्यांची सगळी परंपरा.

बुरशीनाशक

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे, जुन्या कॅसेटी उतरवून देतो. वाद चालू द्या, पण तोवर कॅसेटी थांबणार नाहीत. आपल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. आतलं दाबाचं स्पंज झिजून पडतं. मुद्रण करणाऱ्या यंत्राच्या हेडचा (टेपला टेकून आवाज टिपणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा) कोन आणि वाजवणाऱ्याच्या हेडचा कोन जुळला नाही तर वरचे सूर मंद येतात आणि लोक म्हणतात 'खराब रेकॉर्डिंग'. रेकॉर्डिंग खराब नसतं, कोन चुकलेला असतो. दर टेपला तो नव्याने जुळवायचा, हानी न होणाऱ्या फॉरमॅटमध्ये उतरवायचं आणि खरखर लगेच पुसायची नाही. खरखरीबरोबर सभागृहही पुसलं जातं.

म्हणून माझं मत: उतरवून ठेवणं आज, खुलं करायचं की नाही ते सावकाश.

अनवट

हे मात्र पटलं.

पानटपरी

पण चोरून कशाला? वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड बघा. पंकमध्ये त्यांच्याइतका स्वच्छ व्यवहार क्वचित. पाच डॉलरचं तिकीट. दंगा करणाऱ्याला मंचावरूनच समज द्यायची, नाही ऐकलं तर पाच डॉलर परत देऊन बाहेर. त्यांच्याच ध्वनितंत्रज्ञांनी १९८७ पासूनचे आठशेहून जास्त शो टिपले आणि २०११ पासून बँडने ते स्वतः लोकांपुढे ठेवले: पाच डॉलर सुचवलेले, जमेल तसं कमी-जास्त द्या. चुकांसकट! कलाकाराच्या हातून आलं की प्रश्नच मिटतो.

शिकागोकर

फुगाझीला मानतोच. पण त्यांच्याकडे तंत्रज्ञ होते, शिस्त होती, आणि टेप ठेवायला जागाही होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सेस कॅन्सस सिटी या क्लबात व्हेल्वेट अंडरग्राउंड हा बँड वाजवत होता. गायक लू रीडचा बँड सोडण्याआधीचा तो शेवटचा शो. श्रोत्यांतल्या ब्रिजिड बर्लिनने टेबलावर साधा कॅसेट रेकॉर्डर ठेवला होता. त्याच टेपची १९७२ मध्ये रीतसर रेकॉर्ड निघाली. गाण्यांच्या मधे कवी जिम कॅरोल ड्रिंक मागवताना ऐकू येतो. बँड तिथे संपत होता आणि टेबलावर रात्र नेहमीसारखी चालली होती. ते दोन्ही एकदम ऐकू येतं म्हणून मी ती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावतो.

उंबरठा

आणि त्या कवीला कुणी विचारलं होतं? की त्याची ड्रिंकची ऑर्डर पन्नास वर्षं जगाने ऐकावी?

शिकागोकर, 'सांगितलं तर काढू' यात ओझं माझ्यावर येतं. मी शोधायचं, मी विनंती करायची. तोवर ज्याने ऐकायचं त्याने ऐकलेलं असतं. ओझं टिपणाऱ्यावर हवं. बुरशीनाशक म्हणतात तसं उतरवून ठेवा, मला मान्य. मग गाणाऱ्याला शोधा, ऐकवा, पूर्ण ऐकवा, आणि मग विचारा. माझा त्या जत्रेतला कार्यक्रम कुणी पूर्ण घेऊन आलं असतं तर मी हो म्हटलं असतं. कदाचित रडलेही असते.

शिकागोकर

दहा हजार शोंच्या बाबतीत प्रत्येकाला शोधून विचारणं एका माणसाच्या आयुष्यात बसणार नाही. तो नियम लावला तर जवळजवळ काहीच बाहेर येणार नाही. इथे मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही.

सड्यावरचा

इतका वेळ वाचत होतो. माझ्याकडे वडिलांनी टिपलेल्या चौदा कॅसेटी आहेत. आमच्या वाडीतले तिघं जण शिमग्यात आणि लग्नाघरी गायचे, त्यांची गाणी. १९८८ ते ९३. कुठेही छापलेली नाहीत. वडील ओट्यावर टेप ठेवायचे, तिघांना दिसायची; पण पुढे कुणाला ऐकवू का, हे कुणी विचारलेलं नाही. दोघं हयात आहेत. काय करू?

बुरशीनाशक

पांढरं दिसत असेल तर एकही वाजवून बघू नका, टेप फाटेल आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटवर जाईल. कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि मला निरोप करा. पैसे नकोत.

उंबरठा

दोघांकडे जा, त्यांच्यासोबत बसून ऐका. तिसऱ्यांच्या घरी कोण आहे?

सड्यावरचा

मुलगी आहे. चिपळूणला दिलीय. नंबर काढतो.