आबांच्या पैशांचं गोल्ड ईटीएफ घ्यायचंय, पण ते सोनं येतं कुठून?

खानापूरची लेक

नमस्कार. मी मूळची विट्याजवळची, सध्या पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्या भागातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर गेली. माझे आबा केरळात त्रिशूरला होते, २२ वर्षं. बोळातली एक खोली, एक भट्टी, एक काटा. सराफांकडची मोड, म्हणजे मोडीत आलेले जुने दागिने, आणायची, वितळवायची, टंच (शुद्धता) काढायचा आणि सोनं चोख करून परत द्यायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जायचे, त्यामुळे हे काम जवळून बघितलंय. सोन्यात तिप्पट चांदी घालून आबा ते वितळवायचे, पाण्यात ओतून दाणे करायचे आणि ते दाणे तेजाबात (नायट्रिक ॲसिडमध्ये) उकळायचे. लालसर-तपकिरी धूर उठायचा. चांदी तेजाबात विरघळायची आणि तळाशी विटकरी भुकटी राहायची. हे सोनं आहे असं कुणी सांगितल्याशिवाय पटणार नाही. धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळी व्हायची. आबांच्या बोटांची टोकंही कायम पिवळी असायची. नायट्रिकचे डाग साबणाने जात नाहीत, कातडी निघेल तेव्हाच जातात. खोलीला धूर ओढायचा पंखा नव्हता. शेवटची तीन-चार वर्षं आबा दोन पायऱ्या चढले की थांबायचे. गेल्या मार्गशीर्षात ते गेले.

त्यांचे ६ लाख रुपये आईच्या नावावर आलेत. आईला ते सोन्यातच ठेवायचेत, पण दागिने नकोत आणि लॉकरची काळजीही नको. म्हणून मी गोल्ड ईटीएफची, म्हणजे सोनं तिजोरीत ठेवून त्याची युनिटं शेअर बाजारात विकणाऱ्या फंडाची, माहिती काढायला बसले. योजनेचं माहितीपत्रक पूर्ण वाचलं. शुद्धता ९९५, तिजोरी कुणाची, विमा कसा, सगळं आहे. सोनं कुठल्या खाणीतलं, याबद्दल एक ओळ नाही. फंडाच्या ग्राहकसेवेला मेल केला, तर उत्तर आलं की "आमचं सोनं ९९.५ टक्के शुद्ध असतं." मी टंच विचारलाच नव्हता. टंच मला कळतो.

पेरूमध्ये, घानात हातखाणीवाले, म्हणजे हाताने छोट्या प्रमाणावर सोनं काढणारे लोक, वाळूत पारा कालवून सोनं धरतात आणि तो गोळा तव्यावर तापवून पारा उडवतात, हे वाचल्यापासून मला आबांची खोलीच दिसते. तिथे तर घरची बायका-मुलंही शेजारी असतात. आबांच्या पैशांनी तसलं सोनं घ्यायचं नाही. काही मार्ग आहे का?

ठाणेकर ६७

ताई, आबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी फंडांच्या हिशेबाच्या बाजूला नोकरी केली आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

सेबीचा, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम शुद्धतेवर आणि मोजणीवर कडक आहे. लगडी कस्टोडियनच्या, म्हणजे फंडाची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, तिजोरीत असतात आणि दर सहामाहीला ऑडिटर प्रत्यक्ष जाऊन त्या पडताळतात. त्यामुळे कागदावरचं सोनं खरोखर आहे की नाही, ही शंका ठेवू नका. तुमचा प्रश्न मात्र त्याच्या अलीकडचा आहे आणि तो रास्त आहे.

उगमाची चाळणी लागते ती रिफायनरीच्या दाराशी. लंडनच्या सराफा बाजाराची संघटना, एलबीएमए, ज्या रिफायनऱ्यांना मान्यता देते त्यांना २०१२ पासून एक बंधन आहे. आपण घेतलेल्या सोन्यातून युद्धाला, काळ्या पैशाला, माणसांच्या छळाला हातभार लागत नाही ना, हे त्यांनी तपासायचं आणि दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्यायचं. ही संघटना कारवाई करते. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये रशियातल्या सहा रिफायनऱ्या तिने यादीतून बाजूला काढल्या. आपल्याकडे एमएमटीसी-पॅम्पची हरियाणातली रिफायनरी या मान्यतेची आहे.

म्हणून फंडाला "खाण कुठली" असं विचारू नका. तुमच्या लगडी कोणकोणत्या रिफायनरीच्या आहेत, हे विचारा. लगडीवर रिफायनरीचा ठसा आणि नंबर असतो, तेव्हा हे त्यांना माहीत नसणं शक्य नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात २००४ पासून असलेला एसपीडीआर गोल्ड शेअर्स हा सोन्याचा फंड आपल्या लगडींची यादी रिफायनरीच्या नावासकट जाहीर करतो. आपल्या फंडांनीही करावी, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. शेअर बाजारातून युनिट घेताना ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी असतं, लगेच नवी लगड येते असं नाही. मागणी वाढली की मोठे व्यवहार करणारे फंडाला सोनं आणून देतात. म्हणजे तुमचे ६ लाख थेट खाणीत जात नाहीत. पण मागणीत भर पडते, हे खरं.

कराचं थोडक्यात: १२ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के. घडणावळ नाही, ३ टक्के जीएसटी दागिन्यासारखा तुमच्या हातून जात नाही. फंडाचा वार्षिक खर्च मात्र बघून घ्या.

सुवर्णनगरीतून

मी जळगावच्या सराफ घरातली सून. सासऱ्यांच्या काळापासून आमचीही मोड एका गलाईवाल्या दादांकडेच जाते, तेही तुमच्याच भागातले. त्यामुळे हे वाचताना पोटात तुटलं. दुकानात झळझळीत बिस्किट येतं ना, त्याच्या आधीची ती भुकटी आम्ही कधी डोळ्यांनी बघितलेली नसते.

आता कुणीतरी सांगेल की पुनर्वापराचं सोनं घ्या म्हणजे प्रश्न मिटला. तेवढं सोपं नाही. मोड म्हणून जे येतं ते खरंच जुनं असतं का? हातखाणीच्या सोन्याच्या ओबडधोबड बांगड्या ओतायच्या, "जुने दागिने" म्हणून दुसऱ्या देशात पाठवायच्या आणि तिथून ते स्वच्छ होऊन बाहेर पडायचं, ही जगभर माहीत असलेली वाट आहे. आफ्रिकेतलं बरंच सोनं दुबईमार्गे असंच फिरतं. सुदानच्या युद्धात दोन्ही बाजूंना सोन्याचा पैसा मिळतो आहे. मुशीत तीन घरच्या पाटल्या एकत्र घातल्या की चौथ्या माणसाला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ज्याचा उगम आपल्याला माहीत आहे असं सोनं एकच, आपल्या घरातलं. आईंकडे वापरात नसलेलं काही असेल तर ते मोडू नका आणि त्याच्या जोडीला नवं थोडं कमी घ्या. आमच्या धंद्याच्या विरुद्ध बोलतेय, पण मनापासून सांगतेय.

कार्डिफहून

इथून पुढे लांत्रिसांत गावात ब्रिटनची सरकारी टांकसाळ, रॉयल मिंट, आहे. तिच्या नावाने २०२० मध्ये लंडनच्या बाजारात सोन्याचा एक फंड निघाला. नावातच जबाबदारीने मिळवलेलं सोनं असं म्हटलंय, आणि काही लगडी पूर्ण पुनर्वापराच्या सोन्याच्या आहेत. भारतातून तो घेणं आईंसाठी खटाटोपाचं होईल, म्हणून आग्रह करत नाही. पण असा फंड काढता येतो, एवढं फंडवाल्यांना दाखवायला उपयोगी पडेल.

मला एक गोष्ट मात्र टोचते. यादी स्वच्छ ठेवायची म्हणून मोठ्या रिफायनऱ्या हातखाणीचं सोनं घेणंच टाळतात. जगात दीड-दोन कोटी माणसं त्यावर पोट भरतात. त्यांना चांगला गिऱ्हाईक मिळाला नाही तर ते सोनं दलालाकडे जातं, आणि पारा उडतोच. फेअरट्रेड आणि फेअरमाइन्ड हे दोन शिक्के अशा खाणकामगारांना नियम पाळण्याच्या बदल्यात बाजारभावाच्या वर जास्तीचे पैसे मिळवून देतात. ते सोनं मात्र अंगठ्यांत सापडतं, ईटीएफच्या लगडीत नाही.

खानापूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाणेकर काका, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. तीन फंडांना एकच मेल पाठवला: तुमच्या लगडी कुठल्या रिफायनरीच्या, आणि ही नावं जाहीर का करत नाही. एकाचं उत्तर आलं, चार रिफायनऱ्यांची नावं दिली, चारही एलबीएमएच्या यादीत सापडल्या. दुसऱ्याने माहितीपत्रकाची लिंक पाठवली. तिसरा गप्प आहे. आई म्हणाली, ज्याने नावं सांगितली त्याच्याकडे ठेव.

कार्डिफच्या दादांचं बोलणं दोन दिवस डोक्यात होतं. आबाही यादीबाहेरचेच होते. त्यांच्या खोलीत कुठला ऑडिटर आला नाही, आणि त्यांनी चोख केलेलं सोनं कुणाच्या गळ्यात आहे हे कुणालाच माहीत नाही. ती खोली आता माझा चुलतभाऊ चालवतो. बोटं त्याचीही पिवळी झालीत.

आमच्या लॅबमध्ये ॲसिडच्या कामाला धूर ओढणारं कपाट आहे. त्याच धर्तीवर पंखा, चिमणी आणि धूर कॉस्टिकच्या पाण्यातून नेणारी टाकी, असं त्या खोलीत बसवता येईल का, हे त्रिशूरच्या एका फॅब्रिकेटरला फोनवर विचारलं. त्याने ४८ हजार सांगितले, माप घेऊन नक्की करतो म्हणाला. आईला सांगितलं तर तिने फक्त एवढंच विचारलं की बसवायला किती दिवस लागतील. आधी ते, मग उरलेल्याचं ईटीएफ, दर महिन्याला थोडं थोडं.

विटा-आटपाडीकडच्या कुणी गलाईच्या खोलीत अशी चिमणी बसवली असेल तर कृपया इथे लिहा. टाकीतलं पाणी किती दिवसांनी बदलता आणि ते टाकता कुठे, हे मला विचारायचंय.